श्रद्धावान लेखकाला कथाबीज कोठे सापडते?

बडोद्यास पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेल्या एका मराठी गृहस्थांचे पत्र गेल्या महिन्यात आले. नोकरी सांभाळून, सायंकाळची देवपूजा आटोपल्यावर ते तासभर कथालेखन करतात. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत देतो: “शास्त्रीबुवा, माझ्या चार कथा झाल्या की पाचवी आपोआप पहिलीसारखी होते. एक नास्तिक असतो, त्याच्या घरी कोणीतरी आजारी पडते, वैद्य-डॉक्टर हात टेकतात, वृद्ध माता देवाला हाक मारते, रोगी उठून बसतो आणि नास्तिक देवघरात जाऊन डोके टेकतो. मी गाव बदलतो, आजार बदलतो, पात्रांची नावे बदलतो. कथा मात्र तीच राहते. नवीन विषय कोठून आणावा? देवावर विश्वास ठेवणाऱ्याने लिहावे असे एवढेच शिल्लक आहे काय?”

या शेवटच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो. हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा नाही. भक्तिपर कथा लिहिणाऱ्या अनेकांची हीच अडचण आहे, आणि अनुवादकाच्या कामात ज्याची हयात चालली आहे त्या माझ्यासारख्यालाही ती अपरिचित नाही. म्हणून खाजगी उत्तरात जे लिहिले तेच थोडे विस्ताराने येथे मांडतो.

प्रथम रोगाचे निदान पाहू. आपल्यापैकी बहुतेकांनी कथा पहिल्यांदा ऐकली ती कीर्तनात. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा एखादे पद घेऊन त्यातील सिद्धांत उलगडतात. मग बुक्का लावून, हार घालून झाला की उत्तररंगात त्या सिद्धांताला पोषक असे आख्यान सांगतात. तेथे सिद्धांत आधी आणि कथा मागाहून, हा क्रम अगदी योग्य आहे. कारण कीर्तनकार समोर उभा असतो, त्याचा सूर, त्याचा अभिनय, त्याची साधना यांनी आख्यानात प्राण येतो. पण लिहिणारा मनुष्य जेव्हा हाच क्रम कागदावर आणतो, म्हणजे ‘श्रद्धेचे फळ मिळते’ हे आधी ठरवतो आणि मग ते सिद्ध करणारी माणसे शोधू लागतो, तेव्हा ती माणसे साक्षीदारासारखी येतात, पढवलेली साक्ष देतात आणि निघून जातात. सिद्धांत एकच असल्यामुळे साक्षही एकच निघते. आमच्या बडोदेकर मित्रांना विषय सापडत नाही याचे कारण विषयांची टंचाई नव्हे. निकाल लिहून झाल्यावर ते खटला शोधावयास निघतात, हे आहे.

आता नावीन्याविषयी. ‘नवीन’ या शब्दाचा आपण फार धसका घेतलेला आहे. आपल्या प्राचीन आचार्यांनी या प्रश्नाचा विचार पुरता हजार वर्षांपूर्वी केला. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने आपल्या ‘ध्वन्यालोक’ ग्रंथाचा चौथा आणि शेवटचा उद्योत बव्हंशी याच विचाराला दिला आहे. वाल्मीकि-व्यासांनी सर्व सांगून टाकल्यावर मागून येणाऱ्याने काय करावे, ही शंका त्याच्याही समोर होती. त्याचा अभिप्राय असा की अर्थ जुना असला तरी रसाचा स्पर्श झाला म्हणजे तो वसंतातील झाडासारखा नवा दिसू लागतो. झाड तेच, भूमी तीच, पालवी यंदाची. पुढे तो दोन कवींच्या रचनांतील साम्याचे तीन प्रकार करतो. एक आरशातील प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे आणि तिसरे दोन देहधारी माणसांच्या साम्यासारखे. पहिली दोन त्याज्य, कारण त्यांत स्वतःचा प्राण नाही. तिसरे मात्र ग्राह्य. दोघे भाऊ चेहऱ्यामोहऱ्याने सारखे असले म्हणून धाकट्याला कोणी ‘तू नक्कल आहेस’ असे म्हणत नाही. त्याचा श्वास त्याचा स्वतःचा असतो.

कालिदासाचेच उदाहरण घ्या. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात अंगठीही नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. तेथे दुष्यंताला सर्व आठवत असते. लोकांचा संशय राहू नये म्हणून तो जाणूनबुजून ओळख नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने तेथे एक विस्मृती आणि एक मुद्रिका आणून ठेवली, आणि एका सावध राजाच्या गोष्टीतून पश्चात्तापाचे नाटक निर्माण झाले. भासाच्या नावावर असलेल्या तेरा नाटकांपैकी ‘प्रतिमा’ नाटकात तर याहून लहानशी गोष्ट आहे. आजोळाहून परतणारा भरत वाटेत एका प्रतिमागृहात शिरतो. तेथे दिवंगत पूर्वजांचे पुतळे मांडलेले असतात. त्या रांगेत त्याला पित्याचा पुतळा दिसतो, आणि दशरथ आता नाहीत हे त्याला असे कळते. मूळ रामायणात हे नाही. पण भरताचे दुःख मूळचेच आहे. नवा आहे तो फक्त एक दरवाजा, ज्यातून भरत आत गेला.

आमच्या पत्रलेखकांच्या बडोद्याचाच एक योग सांगण्यासारखा आहे. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ १९१६ साली त्याच नगरातून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून छापली गेली. राजशेखर कनौजच्या प्रतीहार राजाचा उपाध्याय होता. पण आपल्या पणजोबांचा, अकालजलदाचा, उल्लेख तो महाराष्ट्राचा चूडामणी असा अभिमानाने करतो. (आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मतेही तो शास्त्रचर्चेत नावानिशी नमूद करतो, हे ज्या गृहस्थांना पत्नीचे मत विचारण्याचा संकोच वाटतो त्यांनी ध्यानात घ्यावे.) या ग्रंथात ‘अर्थयोनी’ म्हणून एक स्वतंत्र अध्याय आहे. काव्याचा विषय ज्या ज्या स्थानांतून जन्म घेतो त्या स्थानांची ती गणना होय. पूर्वाचार्यांनी श्रुती, स्मृती, इतिहास, पुराण, निरनिराळी शास्त्रे, लोकव्यवहार इत्यादी बारा सांगितली होती. राजशेखराने त्यांत चारांची भर घालून सोळा केली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्याने घातलेली भर ‘संयोगा’ची आहे. म्हणजे नवे क्षेत्र शोधण्यापेक्षा, असलेल्या गोष्टी एकमेकींशी जोडण्याकडे त्याची दृष्टी आहे.

हे फार उपयोगाचे आहे. हरिश्चंद्राचे सत्य सर्वांना ठाऊक आहे. त्यावर आणखी एक कथा कशाला? परंतु तेच सत्य एका वाण्याच्या उधारीच्या वहीशी जोडून पाहा. वर्षअखेरीस जमाखर्च जुळवताना त्याला दिसते की एका गिऱ्हाइकाने एकच देणे दोनदा चुकते केले होते. गिऱ्हाईक आता हयात नाही. मुलांना या व्यवहाराची वार्ता नाही. वाण्याच्या स्वतःच्या घरी कन्येचे लग्न ठरलेले आहे. येथे डोंबही नाही, श्मशानही नाही, विश्वामित्रही येणार नाहीत. कोणी पाहणाराच नाही, हीच या परीक्षेची कठीण बाजू. तो वाणी काय करील हे मला ठाऊक नाही, आणि मला ठाऊक नाही म्हणूनच ही गोष्ट लिहावीशी वाटते. निकाल आधीच माहीत असता तर ती लिहिण्यात काय रस होता?

लोकव्यवहाराच्या योनीविषयी क्षेमेंद्र अधिक मोकळेपणाने बोलतो. अकराव्या शतकातील या काश्मिरी पंडिताने ‘कविकंठाभरण’ या छोट्या ग्रंथात होतकरू कवीसाठी शंभर शिकवणी सांगितल्या आहेत. त्यांत सरस्वतीचे व्रत आहे, इतिहासाचे अनुसरण आहे, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी जागे होणे आहे. त्याबरोबरच कारागिरांचे कौशल्य न्याहाळणे, लोकाचार जाणून घेणे, श्मशाने व अरण्ये पाहणे हेही आहे. आणि एक शिकवण अशी आहे की शोक करणाऱ्यांचा विलाप ऐकावा.

पाठशाळेत हा ग्रंथ शिकताना या शिकवणीवरून आम्ही विद्यार्थी पटकन पुढे गेलो होतो. तिचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला, आणि तोही एका अपराधातून.

सुमारे बारा वर्षांपूर्वी मी एका मासिकात एक कथा लिहिली. आमच्या बडोदेकर मित्रांच्या कथांचीच ती थोरली बहीण. मूल तापाने फणफणलेले, आई देवापुढे अखंड दीप लावून बसलेली, पहाटे वात तेवत असतानाच ताप उतरतो. पुष्कळांनी कौतुक केले. मग एक पोस्टकार्ड आले. अक्षर बाईमाणसाचे, मजकूर चारच ओळींचा. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाच्या आजारात त्यांनीही दिवा लावला होता. तोही पहाटेपर्यंत विझला नव्हता. मुलगा मात्र राहिला नाही. शेवटी त्यांनी विचारले होते की माझ्या भक्तीत काय उणे होते ते आपण कथालेखक या नात्याने सांगू शकाल काय? (त्या भगिनींची अनुमती घेऊनच मी हे लिहीत आहे आणि त्यांचा ठावठिकाणा वगळला आहे.)

या पत्राला मी चार महिने उत्तर दिले नाही. प्रारब्धाविषयी, आत्म्याच्या अमरत्वाविषयी उत्तरे मला पाठ होती; ती खोटी आहेत असे मी आजही म्हणत नाही. पण त्यांनी मला वेदांत विचारला नव्हता. माझ्या कथेने जो हिशेब मांडला होता, इतकी भक्ती म्हणजे इतके फळ, तो त्यांनी आपल्या घराला लावून पाहिला होता आणि बाकी काय निघते एवढे विचारले होते. असा हिशेब आपल्या कोणत्याही आर्षग्रंथात नाही. तो मी कथेच्या सोयीसाठी रचलेला होता.

त्या दिवसांत माझ्याकडे महाभारताच्या आश्वमेधिकपर्वाच्या अनुवादाचे काम होते. युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण द्वारकेस परत येतात. सुभद्राही त्यांच्याबरोबर आलेली असते. वृद्ध वसुदेव पुत्राला युद्धाची हकीकत विचारतात. श्रीकृष्ण सांगू लागतात: भीष्म कसे पडले, द्रोण कसे पडले, कर्ण, शल्य, दुर्योधन. सर्व अठरा दिवस येतात. मात्र अभिमन्यूचा वध ते गाळतात. वृद्ध पित्याला नातवाच्या मृत्यूचे दुःख सहन होणार नाही, म्हणून गाळतात. तेव्हा तेथे बसलेली सुभद्रा, माझ्या मुलाचा वधही सांग, असे भावाला म्हणते आणि भूमीवर कोसळते.

येथे माझी लेखणी थांबली. यापूर्वी हा प्रसंग मी वाचला नव्हता असे नाही. पाठशाळेत वाचला होता, परीक्षेपुरता. त्या रात्री मात्र पोस्टकार्डातील अक्षर माझ्या डोळ्यांपुढे आले. कथा सांगणारे साक्षात भगवान, आणि त्यांनीही करुणेपोटी एक मृत्यू वगळला. तर त्या मातेने तो वगळू दिला नाही. कन्येची ती अवस्था पाहून वसुदेवही मूर्च्छित होतात, आणि सावरल्यावर पुत्राला विचारतात की तू सत्यवादी म्हणून प्रसिद्ध असता हे मला का सांगितले नाहीस. मग श्रीकृष्ण सर्व सांगतात. त्या मुलाने शत्रूला पाठ दाखवली नाही हे सांगतात, एकट्याला अनेकांनी घेरले हे सांगतात. ऐकून झाल्यावर ते वृद्ध आजोबा नातवाचे श्राद्ध करतात.

याच पर्वात थोड्या पुढे, उत्तरेचे मूल निष्प्राण जन्मास येते आणि श्रीकृष्ण आपल्या सत्याची व धर्माची शपथ घालून त्याला जीवन देतात. तोच परीक्षित. म्हणजे एकाच घरातील दोन मुले: सुभद्रेचा पुत्र गेला, सुभद्रेचा नातू वाचला. तारणारा एकच, त्याचे प्रेम एकच, तो घरचाच. सुभद्रेची भक्ती कमी होती आणि उत्तरेची अधिक, असे व्यासांनी कोठेही सुचविलेले नाही. त्यांनी दोन्ही प्रसंग एकाच पर्वात ठेवले आणि मध्ये हिशेब मांडला नाही. मी मात्र फक्त दुसरी गोष्ट पुनःपुन्हा लिहीत होतो.

त्या श्लोकांचा अनुवाद मी स्वतःच्या हाताने उतरवून त्या भगिनींना पाठवला. वर टीका-टिप्पणी काही लिहिली नाही, एवढेच लिहिले की माझ्या कथेत हा भाग राहून गेला होता. त्यांचे उत्तर आले. वसुदेवांनी श्राद्ध केले, ते नातवाचे नाव घेऊनच केले ना, असे त्यांनी विचारले होते. त्यांच्या घरी दोन वर्षांत मुलाचे नाव कोणी उच्चारले नव्हते.

‘शोक करणाऱ्यांचा विलाप ऐकावा’ याचा अर्थ मला असा कळला. दुसऱ्याच्या दुःखातून विषय उचलावा, असा तो अर्थ खचित नव्हे. या बाबतीत गृहस्थाश्रमी लेखकाने फार जपले पाहिजे. शेजारच्या घरातील भांडण, भावजयीचे माहेर, मित्राचे कर्ज ही कागदावर उतरवून नावे बदलली की झाले, असे मानणारे लेखक आहेत. गावात तर तिसऱ्या दिवशी खरी नावे सर्वांना कळतात. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही ठेव आहे. तिची खूण पटेल इतके काही लिहावयाचे असेल तर ज्याची ठेव त्याला विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर ती वहीतच राहू द्यावी. ऐकण्याचा लाभ निराळाच असतो. ऐकणाऱ्याच्या मनातील ठरीव निकाल त्याने ढिला होतो.

गीतेचा नित्यपाठ करणाऱ्या वाचकांना एक गोष्ट सुचवितो. पहिल्या अध्यायाकडे आपण बहुधा प्रस्तावना म्हणून पाहतो आणि लवकर दुसऱ्याकडे वळतो. सत्तेचाळीस श्लोकांच्या त्या अध्यायात भगवंतांच्या मुखी एकच लहानसे वाक्य आहे. त्यात उपदेश नाही. समोर जमलेल्यांना पाहा, एवढेच अर्जुनाला सांगितले आहे. तो पाहतो, आणि पाहिल्यावर सैन्याच्या जागी त्याला आजोबा, गुरू, मामा, भाऊ, पुत्र दिसतात. तेथून विषाद, विषादातून प्रश्न, आणि प्रश्नातून पुढील सर्व अध्याय. इतका उपदेश करून झाल्यावरही अठराव्या अध्यायात भगवान शेवटचा निर्णय अर्जुनावर सोपवितात. पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, असा त्यांचा भाव आहे. प्रत्यक्ष परमेश्वर आपल्या सख्याला जे स्वातंत्र्य देतो ते आपण आपल्या कथेतील नास्तिकाला देत नाही. पृष्ठ संपत आले की मान धरून त्याला देवघरात नेतो.

अभ्यासाच्या रीतीविषयी थोडक्यात. राजशेखराने कवीच्या दिवसाचे चार प्रहर वाटून दिले आहेत: पहिल्यात विद्याभ्यास, दुसऱ्यात रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी, आणि चौथ्यात सकाळी लिहिलेल्याची परीक्षा. नोकरदार गृहस्थाला हे चार प्रहर कोठून मिळणार? पण चार पाव-पाव तास मिळू शकतात. सकाळी महाभारताचे एखादे उपाख्यान, ओळखीचे नव्हे, कडेचे. दिवसा एक लहान वही खिशात ठेवावी आणि तीत विचार न लिहिता पाहिलेले तेवढे लिहावे. ‘आज कृतज्ञतेविषयी सुचले’ ही नोंद निरुपयोगी. ‘पुजाऱ्याने निर्माल्य काढताना एक फूल परत ठेवले’ ही नोंद सोन्यासारखी. रात्री लिहावे, आणि आदल्या दिवशीचे घरातील एका माणसाला वाचून दाखवावे. कंटाळा कोठे आला हे घरातील माणूस लपवीत नाही.

आता पुन्हा बडोद्याकडे वळतो. त्या गृहस्थांच्या पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर, कागदाच्या कडेला दोन ओळी होत्या. उत्तरास विलंब झाल्यास चालेल, कारण सध्या मातोश्रींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची धावपळ आहे. त्यांना आता अक्षर दिसत नाही, तरी रोज पहाटे पोथी उघडून बसतात आणि अध्याय म्हणतात, उघडलेले पान भलत्याच अध्यायाचे असते.

विषय मिळत नाही असे लिहिणाऱ्या माणसाने हे लिहिले होते! पान भलते आहे हे कोणाकोणाला माहीत आहे? मुलगा ते मुकाट्याने बदलून ठेवतो काय, की तसेच राहू देतो? सून काय करते? मातोश्रींना स्वतःला कळते काय, आणि कळत असल्यास त्या पान का उलटतात? शस्त्रक्रियेनंतर अक्षर दिसू लागले तर पहिल्या दिवशी त्या पोथीत पाहून म्हणतील, की डोळे मिटून? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मी त्यांना दिलेले नाही. त्यांचे पत्र त्या दोन ओळींखाली रेघ ओढून परत पाठवले आहे, आणि लिहिण्यापूर्वी आईसाहेबांना विचारा असे वर लिहिले आहे.